आधी तिचे ताट पाहा



तीन वर्षांपूर्वीच्या चैत्रातील ही गोष्ट आहे. मुरबाड तालुक्यातील एका गावाहून एक सासूबाई सुनेला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. लग्नाला तीन वर्षे होऊन गेली होती आणि घरात पाळणा हललेला नव्हता. त्यांनी पिशवीतून कागदांचा जाडजूड गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. त्यात सोनोग्राफीचे दोन अहवाल होते, रक्ततपासण्या होत्या, निरनिराळ्या ठिकाणच्या औषधांच्या चिठ्ठ्या होत्या. “डॉक्टरबाई, सगळं करून झालं. म्हशाच्या जत्रेत नवस बोलून झाला, टिटवाळ्याला जाऊन आलो. आता तुम्हीच काय ते सांगा.”

मी सुनेला वजनकाट्यावर उभे केले. काटा ३८ किलोवर थांबला. उंची १५२ सेंटिमीटर, हिमोग्लोबिन ७.८. मासिक पाळी दोन-अडीच महिन्यांनी येत असे, कधी चार-चार महिने येतच नसे. त्या गठ्ठ्यातील एकाही कागदावर तिचे वजन लिहिलेले नव्हते.

“काल दिवसभरात काय काय खाल्लेस?” असे विचारल्यावर तिने आधी सासूबाईंकडे पाहिले आणि मग हळूहळू सांगितले. सकाळी कोरा चहा. दुपारी सगळ्यांची जेवणे आटोपल्यावर भात आणि पातेल्याच्या तळाशी उरलेली आमटी. रात्री अर्धी भाकरी. सोमवारी उपवास, गुरुवारी उपवास, शिवाय एकादशी आणि संकष्टी वेगळ्या. विहीर आटल्यामुळे लांबच्या झऱ्यावरून रोज सहा-सात हंडे पाणी. यांतील सोमवार आणि गुरुवारचे उपवास तिने मूल व्हावे म्हणूनच धरलेले होते.

त्या सासूबाई दुष्ट नव्हत्या, हे मला येथे आवर्जून सांगावेसे वाटते. तपासण्यांच्या खर्चासाठी त्यांनी आपल्या दोन शेळ्या विकल्या होत्या. त्यांनी स्वतःही आयुष्यभर सर्वांच्या शेवटीच जेवण केले होते. सुनेच्या ताटाकडे पाहायला हवे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. हे पाक्षिक ज्या घरांत वाचले जाते, तेथे स्वयंपाकघरावर, सणावारांवर आणि पंक्तीच्या क्रमावर बहुधा आपणा ज्येष्ठांचाच शब्द चालतो. म्हणून आजचा लेख लेकीसुनांपेक्षा आपल्यासाठी अधिक आहे.

शरीर हिशेब ठेवते

स्त्रीच्या शरीरात दर महिन्याला अंडे पक्व होऊन बाहेर पडते, ते मेंदूच्या आदेशाने. मेंदूतील हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग ठरावीक अंतराने संदेश सोडतो. त्यामुळे पियूषिका ग्रंथी, म्हणजे पिट्युटरी, आपली संप्रेरके रक्तात सोडते आणि त्यांच्या प्रभावाने अंडाशय काम करतो. हा संदेश सोडण्यापूर्वी मेंदू शरीरातील शिल्लक पाहतो. चरबीच्या पेशींतून लेप्टिन नावाचे द्रव्य रक्तात येते. चरबी घटली की तेही घटते, आणि साठा कमी आहे हे मेंदूला कळते. पोटात जाणारे अन्न आणि खर्च होणारे श्रम यांचा मेळ बसेनासा झाला की हे संदेश मंदावतात. अंडे पक्व होत नाही, पाळी लांबते, कधी पूर्ण थांबते.

घरात धान्य संपत आलेले असताना शहाणी गृहिणी पाहुण्यांना आमंत्रण धाडत नाही. शरीरही तेच करते. त्यात त्या मुलीचा काही दोष नसतो आणि गर्भाशयातही काही बिघाड नसतो. सोनोग्राफी दोनदा करूनही काही सापडले नव्हते, ते यामुळेच.

वजन पुरेसे आहे की नाही, हे घरीही काढता येते. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीने दोनदा भागावे. उत्तर १८.५ पेक्षा कमी आले तर वजन अपुरे समजावे. या सुनेचे उत्तर १६.४ आले. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के स्त्रिया या रेषेखाली आहेत, आणि सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे.

आमच्या शहापूर-मुरबाडकडे अन्नाच्या कमतरतेला श्रमांची जोड मिळते. मुंबईची तहान भागवणारी भातसा आणि तानसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. डोक्यावरचा हंडा बहुतेक ठिकाणी घरातील तरुण सुनेच्याच वाट्याला येतो. दिवाळीनंतर कित्येक कातकरी आणि ठाकूर कुटुंबे भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तेथे पहाटेपासून चिखल तुडवणाऱ्या बाईने काय खाल्ले, याची नोंद कोणाकडेच नसते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार मध्यम श्रम करणाऱ्या प्रौढ स्त्रीला दिवसाला सुमारे २१३० कॅलरी लागतात, जड श्रम करणारीला सुमारे २७२०. प्रथिने रोज साधारण ४६ ग्रॅम, लोह २९ मिलिग्रॅम. कोरा चहा, आमटी-भात आणि अर्धी भाकरी यांची बेरीज या आकड्यांच्या जवळपासही जात नाही.

“आम्ही तरी काय खात होतो?”

हा प्रश्न त्या सासूबाईंनी विचारला, आणि आपल्यापैकी अनेकांच्या मनातही तो आला असेल. “आमच्या वेळी कण्या-भाकरी खाऊन पाच-पाच पोरं झाली. आम्हाला कुठं अडलं?”

हा आक्षेप अगदी खरा आहे. अर्धपोटी राहणाऱ्या स्त्रियांनाही मुले होतात. स्त्रीचे शरीर चिवट असते, थोडीशी कमतरता ते सोसून नेते. पण सोसण्याला सीमा आहे. वजन एका मर्यादेखाली गेले, किंवा श्रम वाढत असताना अन्न एकाएकी घटले, की पाळी अडखळते. आपल्याच भूमीत याचा पुरावा आहे. १८७६–७८ च्या दुष्काळातील मुंबई इलाख्याच्या जन्मनोंदी टिम डायसन या जनसंख्याशास्त्रज्ञांनी तपासल्या, तेव्हा उपासमारीच्या काळात गर्भधारणांचे प्रमाण झपाट्याने खाली आलेले दिसले. पिके पुन्हा हाती आल्यावर पुढे जन्मही पुन्हा वाढले. १९४४–४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये अन्नाची टंचाई झाली, तेव्हाही असेच घडले. यातील आशेची बाजू लक्षात घ्यावी. उपासमारीने थांबलेली पाळी बहुतेक वेळा अन्नाने परत येते.

आणखी एक गोष्ट. त्या पाच मुलांपैकी किती जगली, जन्मली तेव्हा किती वजनाची होती, आणि प्रत्येक बाळंतपणानंतर आईची अवस्था काय झाली, हेही आठवून पाहा. त्या सासूबाई या प्रश्नावर थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “सात झाली होती. दोन गेली.”

गर्भ राहण्यापूर्वीचे ताट

आपल्या आदिवासी क्षेत्रात २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू आहे. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीतून एक वेळचे चौरस जेवण मिळते. योजना चांगली आहे. पण हे जेवण मिळण्यासाठी आधी गर्भ राहावा लागतो. ज्या स्त्रीला दिवसच राहत नाहीत, तिच्या ताटाची जबाबदारी घरावरच येते.

गर्भधारणेआधीच्या आहाराचे महत्त्व मुंबईतच दिसून आले आहे. तेथील झोपडवस्त्यांतील विवाहित स्त्रियांना ‘सरस’ या प्रकल्पात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वापरून केलेला अल्पोपाहार गर्भ राहण्यापूर्वीपासून दिला गेला. या स्त्रियांत गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाण दुसऱ्या गटाच्या तुलनेत जवळपास निम्मे आढळले. बाळांच्या वजनात सरसकट मोठा फरक पडला नाही. ज्या स्त्रियांनी किमान तीन महिने आधीपासून हा आहार घेतला आणि ज्या मुळात फार कृश नव्हत्या, त्यांच्या बाळांना लाभ झाला. याचा अर्थ असा की कृश सुनेचे वजन आधी भरून यायला हवे, आणि त्याला महिने लागतात. शेवटच्या महिन्यांतील डोहाळजेवणाने ती तूट भरून निघत नाही.

डबा तसाच परत येतो

आता दुसरी गोष्ट. तिच्यात घरी अन्नाची वानवा नव्हती.

आसनगावजवळच्या एका घरातील आजी आपल्या एकोणीस वर्षांच्या नातीला घेऊन आल्या. मुलगी रोज कसाऱ्याहून येणाऱ्या लोकलने कल्याणला महाविद्यालयात जात असे. आजी म्हणाल्या, “सात महिने पाळी नाही. सगळे म्हणतात, अभ्यासाचा ताण असेल. पण हिचा डबा तसाच परत येतो, आणि विचारलं की म्हणते, आज माझा उपवास आहे. इतके उपवास तर मीसुद्धा करत नाही.”

दहा महिन्यांत तिचे वजन ५१ किलोंवरून ३९ वर आले होते. हात गार, केस गळत होते, दंडांवर बारीक लव आली होती, नाडी मंद होती. आणि एवढे होऊनही “माझे पोट सुटले आहे” असे ती मला पटवून देत होती. आधी कोणीतरी तिला पाळी आणणाऱ्या गोळ्या दिल्या होत्या. गोळ्यांनी रक्तस्राव झाला, घरच्यांना वाटले प्रश्न मिटला. पण गोळीने आलेला स्राव म्हणजे अंडे पक्व झाले असे नव्हे. मूळ आजार तेवढा झाकला गेला.

या आजाराला अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा म्हणतात. लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी १८७३ मध्ये त्याला हे नाव दिले, आणि त्यांच्या वर्णनातही पाळी थांबल्याचा उल्लेख होता. हे नखरे नव्हेत, हट्टही नव्हे. हा मनाचा आजार आहे आणि तो शरीराला पोखरतो. स्त्रीसंप्रेरके घटल्याने हाडे ठिसूळ होतात. आपल्याला साठीनंतर जे दुखणे भेटते, ते या मुलींना विशीत गाठू शकते. आजार वाढला तर जिवाला धोका होतो.

याचा एक भाऊबंद आहे, त्याला बुलिमिया म्हणतात. यात एका बैठकीत भरमसाट खाल्ले जाते आणि मग घशात बोटे घालून ओकून टाकले जाते, किंवा जुलाबाची औषधे घेतली जातात. वजन बहुधा नेहमीसारखेच राहते, त्यामुळे घरात कोणाला संशय येत नाही. पाळी मात्र अनियमित होते. जेवण झाले की लगेच न्हाणीघरात जाणे, दातांचा वरचा थर झिजणे, गालांपाशी सूज दिसणे, या खुणा ओळखाव्यात. या मुलींचे दिवसभराचे वागणे घरात असणाऱ्या आजी-आजोबांनाच आधी दिसते. त्या आजींनीही डब्यावरूनच ओळखले होते.

अशा वेळी रागावू नये, बळजबरीने भरवू नये. खूप दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न दिले तर रक्तातील क्षारांचे प्रमाण बिघडून धोका उद्भवतो. म्हणून वजन वाढवण्याची सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावी. मनोविकारतज्ज्ञांची मदत घ्यावीच लागते. शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून सल्ला मिळतो. आणि लग्न ठरवायची घाई करू नये. “लग्न झालं की होईल सगळं नीट” या वाक्याने मी अनेक मुलींचे आजार वाढलेले पाहिले आहेत.

पाळी थांबली म्हणजे दिवस राहणारच नाहीत, असेही समजू नये. अंडे पाळीच्या आधी बाहेर पडते. त्यामुळे पाळी येण्यापूर्वीच गर्भ राहू शकतो. उपाशी शरीरातील गर्भ अपुऱ्या दिवसांचा किंवा कमी वजनाचा होण्याची भीती अधिक असते.

जास्त वजनाचाही अडथळा

गावात दुकाने आली, फरसाण, बिस्किटे आणि गोड शीतपेये दारापर्यंत आली. त्यामुळे दुसऱ्या टोकाच्या मुलीही आता दवाखान्यात दिसतात. अंडाशयात अनेक लहान पुटकुळ्या दिसणे, चेहऱ्यावर लव, पाळी लांबणे, याला पीसीओएस म्हणतात. सर्वच रुग्ण स्थूल नसतात. पण ज्यांचे वजन जास्त आहे, त्यांनी मूळ वजनाच्या पाच ते दहा टक्के वजन कमी केले तरी अनेकींची पाळी पुन्हा नियमित होते. सत्तर किलोंच्या मुलीला साडेतीन ते सात किलो पुरतात. हे उपास करून साधू नये. एक वेळ उपाशी राहून दुसऱ्या वेळी दुप्पट खाण्याची सवय लागते, आणि काहींच्या बाबतीत तेथूनच वर सांगितलेल्या आजारांची वाट सुरू होते. भाकरी, उसळ, पालेभाजी वेळेवर खावी, रोज चालावे, पाकिटातील खाऊ कमी करावा.

आपल्या हाती काय आहे

पहिले, पंक्ती बदला. सून सर्वांच्या बरोबर जेवू दे. ते जमत नसेल तर तिचे ताट आधी वाढून झाकून ठेवा. उरलेल्यातून कोणाचेही पोषण होत नाही.

दुसरे, उपवास कमी करा. वर्षातले दोन-चार उपवास निरोगी स्त्रीला त्रास देत नाहीत. वजन कमी असलेल्या, मूल हवे असलेल्या स्त्रीने आठवड्याचे उपवास थांबवावेत. मोडवत नसतील तर साबुदाणा आणि चहावर दिवस काढू नये. साबुदाण्यात पिष्टाखेरीज फारसे काही नसते. वरी, राजगिरा, शेंगदाणे, रताळे, दूध, ताक घ्यावे. उद्यापन करण्याचा अधिकार घरातील मोठ्यांचा असतो. तो येथे वापरावा.

तिसरे, घरचेच अन्न ओळखा. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. शेवग्याचा पाला कुंपणावर आहे, पावसाळ्यात टाकळा आणि कुर्डू आहे. उडीद, वाल, हरभरा आहे. चालत असेल तर अंडी आणि सुका जवळा आहे. जेवणानंतर तासभर चहा नको, त्याने लोह शोषले जात नाही. जेवणात लिंबू किंवा आवळा असावा, त्याने ते अधिक शोषले जाते.

चौथे, मूल हवे असेल तर फोलिक अ‍ॅसिडची गोळी गर्भ राहण्याच्या निदान एक महिना आधीपासून सुरू व्हावी. त्याने बाळाच्या मेंदू-मणक्यातील काही व्यंगे टळतात. आरोग्य केंद्रात विचारावे.

पाचवे, तिच्या देहावर बोलणे थांबवा. “काडी झालीस”, “फुगलीस किती”, “अशीला कोण करणार?” ही वाक्ये आपण सहज बोलतो. नातीच्या मनात ती वर्षानुवर्षे राहतात.

आणि सर्वच दोष आहाराच्या माथी मारू नये. तीन महिने पाळी आली नाही तर प्रथम गर्भधारणेची चाचणी, मग थायरॉइड आणि इतर तपासण्या कराव्यात. वजन घटत असेल, संध्याकाळी ताप येत असेल तर क्षयाचा विचार व्हावा. गर्भनलिकांचा क्षय आपल्याकडे वंध्यत्वाचे महत्त्वाचे कारण आहे. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत, किंवा स्त्रीचे वय ३५ पेक्षा अधिक असून सहा महिने झाले, तर दोघांनीही तपासणी करावी. कारण पुरुषात असण्याची शक्यता मोठी असते आणि त्याची पहिली तपासणी सर्वांत सोपी व स्वस्त आहे. त्या जाड गठ्ठ्यात मुलाच्या नावाचाही एकही कागद नव्हता.

पुढे काय झाले

मुलाची तपासणी सरकारी रुग्णालयात झाली; अहवाल चांगला आला. सोमवार-गुरुवारचे उद्यापन सासूबाईंनी स्वतः पुढाकार घेऊन केले. पाण्याचे तीन हंडे मुलाच्या सायकलवर गेले. सून सासऱ्यांच्या पंक्तीला बसायला लाजत होती, म्हणून सासूबाई स्वतः तिच्याबरोबर आधी जेवू लागल्या. लोहाच्या गोळ्या चालू होत्याच. आठ महिन्यांत वजन ४४ किलो झाले, हिमोग्लोबिन ११ च्या वर गेले. पाळी पाचव्या महिन्यापासून नियमित झाली होती. दुसऱ्या वर्षी तिला दिवस राहिले. मुलगी झाली, पावणेतीन किलोंची.

प्रत्येक घरात असाच शेवट होतो, असे मी म्हणणार नाही. आसनगावच्या त्या नातीचे उपचार अजून चालू आहेत. तिचे वजन ४६ पर्यंत आले, मध्यंतरी पुन्हा दोन किलोंनी घसरले. पाळी अलीकडेच एकदा आली. आजी दर पंधरवड्याला तिच्याबरोबर येतात आणि बाहेर बाकावर बसून राहतात. डब्याविषयी आता त्या तिला काही विचारत नाहीत. संध्याकाळी ती घरी आली की दोन ताटे वाढतात आणि तिच्याबरोबर जेवायला बसतात.

आज रात्री आपल्या घरी शेवटचे ताट कोणाचे असते आणि त्यात काय असते, एवढे एकदा पाहावे, ही विनंती.